वेष्टनासकट

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. वाचणारा मीच, त्यामुळे वाचक समजूतदार आहे.

प्रकरण असं. सासरे स्टुलावर चढून बल्ब बदलायला गेले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं. वय काय, करता काय. दातांचे डॉक्टर होते, आयुष्यभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून दम दिला, पण स्टुलावर चढू नका हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ऑपरेशन झालंय. सध्या मेव्हण्याकडे आहेत, पण मेव्हण्याचं घर चौथ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट आठवड्यातून चार दिवस आजारी. आमचं घर तळमजल्यावर. म्हणून मार्चच्या सुरुवातीला ते आमच्याकडे येणार, कायमचे. इथपर्यंत माझी काही हरकत नाही. माणुसकी आहे माझ्यात.

पण बायकोचं म्हणणं, त्यांना छोटी खोली द्यायची. म्हणजे माझा स्टुडिओ. भिंतभर शेल्फ, शेल्फभर गेम्स, टीव्ही, खुर्ची. बायको त्याला गोदाम म्हणते. काल जेवताना शांतपणे म्हणाली की तिथे गेम येतात, खेळले जात नाहीत, निम्म्यांची वेष्टनंसुद्धा फाडलेली नाहीत. मी सांगितलं की न फाडलेल्या वेष्टनाला जाणकारांत फार मान असतो. तर म्हणाली, ठीक आहे, बाबा यायच्या आत एक गेम संपव. एकच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. संपवलास तर खोली तुझी, बाबांची सोय हॉलमध्ये करू. नाही संपवलास तर शेल्फ माळ्यावर आणि बाबांची कॉट खोलीत.

एकच म्हणे. मला हसूच आलं.

वर असंही म्हणाली की लग्न झाल्यापासून मी एकही गेम संपवलेला तिने पाहिला नाही. साफ खोटं. ड्रॅगनवाला संपवला होता. यावर म्हणाली की तो तू नाही संपवलास, दुसरं कोणीतरी संपवत होतं आणि तू इंटरनेटवर बघत होतास. असले तांत्रिक मुद्दे काढण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. हॉस्पिटलात एक्स-रे काढते, आरपार बघायची सवय लागलीय.

मग उठून शेल्फवरून होडीचा गेम काढून आणला. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तिनेच दिलेला. दोघांनी मिळून खेळायचा असतो. एक होडी, दोन वल्ही, प्रत्येकाकडे एक, आणि नदी पार करायची. म्हणाली हाच खेळू या का, छोटासा आहे, थोड्या दिवसांत संपेल, तुझी खोलीही राहील. मी प्रेमाने समजावलं की असं मधूनच काहीतरी उचलून खेळता येत नाही. क्रम असतो. होडी 'किरकोळ' विभागात येते, तिचा नंबर यायला अवकाश आहे. शिवाय वेष्टन.

तिने खोक्यावरची धूळ हाताने पुसली, खोका जागेवर ठेवला आणि बरं म्हणाली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

योजना तयार. सगळे गेम कॉम्प्युटरवर चढवले आणि रंग दिले. लाल म्हणजे तातडीचे, केशरी महत्त्वाचे, पिवळे चांगले, राखाडी किरकोळ. पिवळा आणि केशरी फार सारखे दिसत होते म्हणून केशरी बदलून जांभळा केला. मग लाल आणि जांभळा एकमेकांना मारायला लागले. संध्याकाळ त्यात गेली, पण पाया पक्का झाला. लोक उठतात आणि सरळ खेळायला लागतात. म्हणूनच लोकांचं काही होत नाही.

७ फेब्रुवारी, लंच टाइम

ऑफिसात शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो दिवसभर शिट्टी वाजवत काम करतो. जेवताना मोबाइलवर फुगे फोडतो. वर्षानुवर्षं तोच फुग्यांचा गेम. त्याला विचारलं की याची कथा काय, पात्रं काय, दिग्दर्शक कोण. म्हणाला, फुगे आहेत, फुटतात, बरं वाटतं. 

मग साहेबांनी बोलावलं. आमची पंपांची कंपनी, मी वॉरंटीच्या तक्रारी बघतो. साहेब म्हणाले तक्रारी फार तुंबल्यात. मी त्यांना रंगांची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी विचारलं की यातल्या एकाला तरी फोन केलास का. मी म्हटलं, साहेब, आधी वर्गीकरण. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

९ फेब्रुवारी, दुपार

पहिला गेम ठरला. 'काळा किल्ला'. खरं तर जग ज्याचं कौतुक करतं तो चौथा भाग, तो माझ्याकडे आहेच. पण पहिले तीन न खेळता चौथा खेळणं म्हणजे लग्नाला न जाता बारशाला जाणं. म्हणून पहिला भाग. तो जुन्या मशिनवरच चालतो. जुनं मशिन गेल्या वर्षी याचसाठी घेऊन ठेवलं होतं, याला म्हणतात दूरदृष्टी. खोलीत जुनं लावलं आणि नवं मशिन हॉलच्या टीव्हीला जोडून टाकलं. तेवढीच हॉलची शोभा.

जुन्या मशिनची वायर या टीव्हीला बसत नाही. कन्व्हर्टर मागवला. आज सक्तीची विश्रांती.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

कुरिअरवाला आला. सही घेताना विचारत होता की साहेब, तुमचं दुकान कुठे आहे. मी म्हटलं दुकान नाही, मी स्वतः वापरतो. तो बरं म्हणाला. बायको म्हणते तसंच बरं. बहुतेक दोघं एकाच शाळेत होते.

सुरुवात केली. गेमने विचारलं, सोपा, मध्यम, कठीण की महायोद्धा. हा काय प्रश्न झाला. महायोद्धा. सोपा पर्याय ठेवतात कशाला तेच कळत नाही. ज्यांना सोपं हवंय त्यांनी झोपावं.

पहिल्याच पुलावर एक पहारेकरी आहे. टकला, हातात भाला. आपण पुढे गेलो की 'गो होम, बॉय' म्हणतो आणि मारतो.

मारलं.

१६ फेब्रुवारी, सकाळ

पहारेकरी.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

पहारेकरीच. आता त्याचा आवाज पाठ झालाय. बायकोने बाहेरून विचारलं की हा कोण तुला सारखा घरी जायला सांगतोय. मी दार लावून घेतलं.

गाइड बघणार नाही. कॉपी करून पास होणाऱ्यांतला मी नाही.

१८ फेब्रुवारी, लंच टाइम

दोष माझ्यात नाही, कंट्रोलरमध्ये आहे. डावीकडचं बटण दाबल्यावर किंचित उशिरा लागतं. माझ्यासारख्याच्याच हे लक्षात येईल. नवीन मागवला. खुर्चीही मागवली, कारण पाठ ताठ नसेल तर मनगट साथ देत नाही. हे कुठेतरी वाचलं होतं.

खालची दाढ ठणकतेय. लग्नातच सासऱ्यांनी माझं तोंड बघून सांगितलं होतं की ही दाढ लवकर दाखवा. नवऱ्या मुलाच्या तोंडात बघणारे असे सासरे. दाखवायचं आहेच. क्रमाने.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

ऑनलाइन सेल लागलाय. मी लोकांसारखा सेल बघून वेडापिसा होत नाही. फक्त जे घ्यायलाच हवेत ते घेतले. 'काळा किल्ला'चा पाचवा भाग घ्यावाच लागला, नाहीतर चौथा संपल्यावर हात चोळत बसलो असतो. शेतीवाला घेतला कारण तो शांत आहे, ताणावर उपयोगी. अंतराळवाला भेट म्हणून घेतला. कोणाला द्यायची ते अजून ठरलं नाही.

बायकोला स्क्रीनवर ऑर्डरची यादी दिसली. मेव्हण्याशी फोनवर कॉटचं माप बोलत होती.

२२ फेब्रुवारी, सकाळ

लक्षात आलं की पहारेकऱ्याचं रक्त अगदी संपत आलं की आपोआप पुन्हा भरतं. म्हणजे गेममध्येच बिघाड आहे. मी वॉरंटीतला माणूस, मला तक्रार लिहिता येते. गेम बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली, मुद्देसूद, पोटमुद्द्यांसह. पाठवताना कळलं की ती कंपनी कधीचीच बंद पडलीय. अशा बेजबाबदार कंपन्या बंदच पडायच्या.

२३ फेब्रुवारी, दुपार

डावपेच बदलला. अट गेम संपवायची आहे, मोठा की छोटा असं कुठे ठरलंय? सगळ्यात छोटा गेम शोधून घेतला. पोस्टमनचा. एका गावात एक पत्र पोचवायचं, बस. लोक म्हणतात एका दुपारी होतो. लोकांची एक दुपार म्हणजे माझा चहा.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

पोस्टमनला शेवटच्या घराच्या दारापर्यंत नेलं. फक्त बेल वाजवायची राहिली होती. बायको मागे येऊन उभी होती, चहा घेऊन. ती चक्क हसत होती. म्हणाली, वाजव की.

आणि तेवढ्यात मला कोपऱ्यात दिसलं की वाटेत गोळा करायच्या तिकिटांपैकी निम्मीसुद्धा मी घेतलेली नाहीत. असा अर्धवट गेम संपवून मी स्वतःला काय तोंड दाखवणार? म्हणून नव्याने सुरू केला. या वेळी सगळी तिकिटं घेऊनच.

बायको म्हणाली, बेल वाजवायची होती फक्त. मी म्हटलं, तुला दर्जा म्हणजे काय ते कळणार नाही. चहा टेबलावर ठेवून गेली. तिकिटं शोधायला घरांच्या छपरांवर चढावं लागतं आणि पोस्टमनला चढताच येत नाही. टुकार गेम. सोडला.

चहा गार झाला होता.

२७ फेब्रुवारी, लंच टाइम

साहेबांनी माझ्या सगळ्या तक्रारी शिट्टीकडे दिल्या. मला म्हणाले, तू थोडा आराम कर. शिट्टीने काय केलं, तर वरपासून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. रंग नाही, क्रम नाही, काही नाही. शिट्टी वाजवत फोन. जवळपास सगळ्या मिटवल्या. याला काम म्हणत नाहीत, उरकणं म्हणतात.

२ मार्च, संध्याकाळ

सासरे आले. मेव्हण्याने गाडीतून आणलं, वॉकर धरून सावकाश आत आले. पहिलं वाक्य, जावईबापू, तोंड उघडा बघू. मी विषय बदलला.

अटीचं काय ते बायकोने त्यांच्यासमोरच विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ. ती काही बोलणार तेवढ्यात सासरेच म्हणाले की अगं असू दे, वॉकर सुटेपर्यंत मला हॉलमध्येच बरं, टीव्ही आहे, येणारं-जाणारं दिसतं. महिनाअखेरीपर्यंत मुदत दे त्यांना. मग म्हणाले, जावईबापू, मी कितीही रांग असली तरी एका वेळी एकच तोंड उघडायचो, सगळ्यांना आ करून बसवलं असतं तर एकाचाही दात निघाला नसता.

दंतवैद्यकाचं ठीक आहे, हे क्षेत्र वेगळं आहे. पण मुदत मिळाली. मोठा विजय. बायकोही मुदतीला हो म्हणाली. फक्त इतकंच म्हणाली की तीस तारखेला कॉट येईल, मग मात्र मला पुन्हा विचारू नकोस.

५ मार्च, दुपार

सासरे दिवसभर हॉलमध्ये पडून कंटाळतात. आज म्हणाले की जावईबापू, मलाही एखादा गेम द्या की. मी त्यांना या कलेचा इतिहास समजावून सांगायला घेतला. पहिल्या मशिनपासून. ते ऐकता ऐकता झोपले. यावरून पात्रता कळते.

जागे झाल्यावर पुन्हा विचारायला लागले. शेल्फवरचा होडीचा खोका त्यांना दारातून दिसतो. म्हणाले, तो सोपा दिसतोय. मी म्हटलं, सोपा आहे, पण दोघांचा आहे, आणि वेष्टन आहे. ते बरं म्हणाले. या घरात सगळेच बरं म्हणायला लागलेत.

८ मार्च, संध्याकाळ

हॉलमधून हसण्याचे आवाज. बापलेक टीव्हीवर काहीतरी विनोदी बघतात वाटतं. टीव्हीवरच्या विनोदाचा दर्जा तो काय, पण यांना हसायला तेवढं पुरतं. मी आत महायोद्धा लेव्हलला घाम गाळतोय आणि बाहेर खिदळणं. सांगायला गेलो नाही. मोठेपणा.

बाहेरचा आवाज येऊ न देणारे हेडफोन मागवले.

१२ मार्च, संध्याकाळ

हेडफोन उत्तम. आता पहारेकरी थेट मेंदूत बोलतो.

पाणी प्यायला हॉलमधून गेलो. टीव्हीची पाठ माझ्याकडे. बायको आणि सासरे सोफ्यावर शेजारी बसून दोघंही एकदम डावीकडे कललेले. मग दोघंही उजवीकडे. मांडीवर उशी, उशीखाली हात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असणार. बायकोने हेडफोन काढायची खूण केली, काहीतरी सांगायचं होतं, बसतोस का असं म्हणत होती बहुतेक. मी हातानेच नंतर म्हटलं. पहारेकरी पुलावर उभा आणि मी व्यायाम करत बसू?

१५ मार्च, सकाळ

हॉलमधल्या दोन्ही कंट्रोलरची बॅटरी रोज संपलेली असते. मी तर त्यांना हातही लावत नाही. नुसतं ठेवूनही बॅटरी उतरते म्हणजे काय. हल्ली कुठल्याच मालात दम राहिला नाही.

१८ मार्च, दुपार

आज पहारेकऱ्याला पार टेकीला आणलं होतं. आता एकच वार आणि तेवढ्यात सासऱ्यांनी हाक मारली. हेडफोनमधूनसुद्धा ऐकू आली, रुग्ण बोलावण्याची सवय. गेलो तर काय, चष्मा खाली पडला होता. परत येईपर्यंत मी मेलेला. याचा राग आला. चष्मा जरा जोरात ठेवला.

ते म्हणाले, रागावू नका, पण तुमचा तो माणूस माझ्या झोपेतसुद्धा येतो हो. तो इतका जीव तोडून घरी जा म्हणतोय, तर तुम्ही घरी का जात नाही?

मी फक्त हसलो. ज्यांनी कधी हातात कंट्रोलर धरला नाही त्यांनी मला शिकवावं.

२० मार्च, संध्याकाळ

आज हॉलमध्ये हसणं नाही. एकदम शांत. हेडफोन काढून बघितलं. बायको नाक ओढत होती. सासऱ्यांचा हात तिच्या डोक्यावर. मला बघून म्हणाली, काही नाही, तू जा खेळ. मी गेलो. रडवणाऱ्या मालिका कशाला बघतात कोण जाणे.

२३ मार्च, दुपार

केवळ म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं ठरवायचं म्हणून पुलाकडे पाठ फिरवली आणि आल्या वाटेने मागे निघालो. डोंगर उतरलो. एक घर दिसलं. दार ढकललं.

संगीत सुरू झालं. पडद्यावर मोठी अक्षरं आली. प्रकरण पहिलं.

म्हणजे पहारेकऱ्याला हरवायचंच नव्हतं. त्याने सांगितल्यावर घरी जायचं होतं. घरात त्या योद्ध्याची बायको दिवा लावून बसलेली आहे, ती तलवार देते, आणि मग सगळं सुरू होतं. इतके दिवस तो बिचारा रस्ता सांगत होता.

मला संशय होताच. मी फक्त सगळ्या शक्यता तपासून बघत होतो.

सासऱ्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, चालू आहे.

२५ मार्च, लंच टाइम

आता खरा गेम सुरू झाल्यावर पुढचा आवाका बघितला. महायोद्धा लेव्हलला पुढे एवढं आहे की तीस तारखेपर्यंत ऑफिस, झोप आणि जेवण सोडलं तरी होणार नाही. शिट्टीला सहज विचारलं की तो काय करेल. म्हणाला, छोटा एखादा संपवा की सर, बायकोबरोबर खेळायचा असतो ना एखादा, मजा येते.

अशा माणसाच्या तोंडूनही कधीकधी काहीतरी निघतं. मी मात्र हे आधीच ठरवलं होतं.

होडीचा गेम. छोटा आहे. दोघांचा आहे. आज आणि उद्या मिळून संपेल. खोली वाचते. वर बायको खूश, कारण क्रम मोडून, वेष्टन फाडून, केवळ तिच्यासाठी. इतकी वर्षं थांबली, पण थांबण्याचं चीज होईल. खरं तर मी हा गेम अशाच एखाद्या प्रसंगासाठी राखून ठेवला होता असं आता वाटतंय. लवकर निघतो. सरप्राइज.

२५ मार्च, संध्याकाळ

खोका जागेवर होता. वेष्टन नव्हतं.

आधी मला धक्का बसला तो वेष्टनाचा, हे मान्य करतो. हॉलमध्ये जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं की कोणी फाडलं. बायको भाजी चिरत होती. म्हणाली मी फाडलं, त्याला पंधरा-वीस दिवस झाले. बाबा कंटाळले होते. तुला सांगायला मी नंतर दोनदा आले, तू हेडफोन लावून होतास.

मी म्हटलं, बरं, जे झालं ते झालं. चल, आज आपण दोघं खेळू. मी स्वतः म्हणतोय.

ती म्हणाली, अरे, आमचा संपला तो. पाच दिवस झाले.

मग सांगायला लागली. भाजी चिरता चिरताच. सोप्या लेव्हलला खेळले, अगदी सोप्या. पहिल्यांदा होडी नुसती खडकावर आपटायची, बाबांचे हात थरथरतात ना, पण तिला हसू आवरायचं नाही. मग दोघांना जमायला लागलं, ती एक म्हणायची आणि बाबा दोन. शेवटी पलीकडचा काठ येतो. तिथे होडी लागली की गेम संपतो. तर बाबा काठाला लावूच देईनात. म्हणाले, अजून थोडं वल्हवू. तिची आई गेल्यापासून त्यांना असं हसताना तिने बघितलं नव्हतं. म्हणून तिला रडू आलं.

मी म्हटलं, ठीक आहे, आपण परत पहिल्यापासून खेळू, तुला येतोच, म्हणजे पटकन होईल.

ती हसली. रागाने नाही. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. म्हणाली, मला आता नको रे. मला तुझ्याबरोबर पहिल्यांदा खेळायचा होता.

आणि भाजी फोडणीला टाकली.

मी खोलीत येऊन बसलो. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. दाढ पण दुखत होती, काही भाग त्याचाही असेल.

२९ मार्च, दुपार

अजून एक दिवस आहे असं बायकोला म्हणून बघितलं. म्हणाली हो, आहे की. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती कॉटसाठी चादर शोधत राहिली.

पोस्टमनचा गेम लावला. बेल वाजवायचीच फक्त, म्हटलं वाजवून टाकू. पण त्या दिवशी नव्याने सुरू करताना जुनं सगळं पुसलं गेलं होतं. गावाच्या वेशीपासून परत निघायचं. निघालो. अर्ध्या वाटेवर पोचलो तेव्हा मेव्हणा आला, शेल्फ माळ्यावर चढवायला. एक दिवस आधीच आला.

त्याच्याबरोबर खोकी वर देत होतो. प्रत्येक खोक्याकडे बघून विचारत होता की हा कसा आहे. मी सांगत होतो की उत्तम आहे. पन्नासाव्या खोक्याला म्हणाला, दाजी, तुम्ही यातला कुठला खेळलाय? मी म्हटलं, तू स्टुलावर नीट उभा राहा.

३० मार्च, सकाळ

कॉट आली. सासरे वॉकरशिवाय चालत खोलीत गेले. चार पावलं स्वतःची स्वतः. बायकोने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोलीत आता उजेड येतो, शेल्फमागे खिडकी होती हे विसरलोच होतो.

सासऱ्यांनी मला आत बोलावलं, खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाले, आ करा. केला. बराच वेळ बघून म्हणाले की जावईबापू, लग्नात सांगितलं होतं तेव्हा भरून भागलं असतं. आता काढावी लागेल. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरची उद्याचीच वेळ घेतली. मी म्हटलं, पुढचा आठवडा चालेल का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरं म्हटलं.

३१ मार्च, संध्याकाळ

दाढ गेली. तोंडात कापूस. बोलायचं नाही असं डॉक्टरने सांगितलंय. घरात सगळे खूश दिसले.

हॉलमध्ये माझी जागा केलीय, सोफ्याच्या कोपऱ्यात, खुर्चीला जागा नाही. बायको आणि सासरे वॉकर घेऊन फिरायला गेलेत, गल्लीच्या टोकापर्यंत. खिडकीतून दिसत होते. ती एक म्हणते आणि ते पाऊल टाकतात.

घरात कोणी नाही म्हणून होडीचा गेम लावला. गेमने विचारलं, सोपा की कठीण. सोपा दाबला. कोणी बघत नव्हतं.

नदी सुंदर आहे. हे मात्र कबूल. एक वल्हं घेतलं आणि निघालो. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. जोर लावला, तर जोरात गोल फिरायला लागली. मग दोन कंट्रोलर घेतले, एक उजव्या हातात, एक डाव्या. एक म्हटलं, दोन म्हटलं. तोंडात कापूस असल्याने नीट म्हणता आलं नाही. होडी एकदा डावीकडून गोल फिरली, एकदा उजवीकडून, आणि पहिल्याच खडकाला लागली. पलीकडचा काठ तिथून दिसतो. लांब नाही.

कंट्रोलरमध्ये दोष आहे. नवीन मागवला.